पर्वणीस निघण्यापूर्वी भाविकांनी घ्यावयाची दक्षता

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे. तेव्हा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन डुबकी मारण्याची इच्छा असलेल्या सुज्ञ नाशिककराने आपली श्रद्धा बंदोबस्ताच्या नकाशात कोठे बसते, हे आधी पाहून घ्यावे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे, असा वाद बॅरिकेडपाशी घालू नये. त्या अनुच्छेदात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांचा मान पहिला असून स्वातंत्र्य त्यांच्यामागे रांगेत उभे आहे. आपणही उभे राहावे.

बंदोबस्ताची थट्टा मात्र करू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी, त्या वेळच्या सिंहस्थात, रामकुंड या स्नानाच्या जागेकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक चेंगरून मेले, हे ज्याने पंचवटीत राहून पाहिले आहे, तो शिट्टीला नावे ठेवणार नाही. फक्त त्यातून निघालेला धडा नीट समजून घ्यावा: गर्दी आवरता येत नसेल तर ती येऊच देऊ नये.

२९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या पर्वणीला या धड्याची उजळणी झाली. आमची मावशी रामकुंडापासून दोन गल्ल्यांवर राहते. पहाटे दुधाची पिशवी घेऊन परतताना तिला बांबूंच्या आडोशापलीकडून विचारण्यात आले, "आजी, कुठे निघालात?" "घरी," ती म्हणाली. "घरी जायला बंदी नाही, पण हा रस्ता बंद आहे," असे उत्तर मिळाले, आणि घराला दुसरा रस्ता नव्हता. तासाभरात दूध नासले. (दरम्यान त्याच रस्त्याने लाल दिव्याच्या दोन गाड्या गेल्या, त्यांतील मंडळींची श्रद्धा बहुधा सुरक्षेच्या दृष्टीने तपासून झालेली असावी.) तेव्हा ज्यांना साधू होऊन आखाड्यात शिरणे या वयात जमणार नाही, त्यांनी निदान निवडणुकीला तरी उभे राहावे.

तेही न जमल्यास सर्वांत निर्धोक उपाय असा की, नाशिकच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचे, म्हणजे गोदावरीचेच आहे, हे ध्यानी घेऊन मुहूर्तावर न्हाणीघरात जावे. तेथे बॅरिकेड नाही, पास लागत नाही, चेंगराचेंगरीचीही भीती नाही. त्या दिवशी अखेर घरी पोहोचल्यावर मावशीने हेच केले. बादलीत तुळशीचे पान टाकले आणि "हर हर गंगे" म्हटले, पण जरा हळू; खिडकीखाली बंदोबस्त होता.