घरकुल येतंय? घरमालकांनो, आत्ताच हरकत घ्या!

सांगलीच्या विश्रामबागेत तुमचा बंगला आहे, मागं पत्र्याच्या चार खोल्या काढल्यात आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर घरकुलं होणार असं कानावर आलंय? मग चहा बाजूला ठेवा. पंतप्रधान आवास योजनेतली, 30 चौरस मीटरची घरं. हसू नका. त्या 30 मीटरांत प्रत्येकाला स्वतंत्र संडास असतो. तुमच्या चार खोल्यांत मिळून एक आहे आणि त्याची कडी आतून लागत नाही.

'वस्ती बिघडेल' हे चारचौघांत बोलायचं. खरं दुखणं वेगळं आहे. तिसऱ्या खोलीतल्या मावशी, ज्या तुमच्याकडंच धुणीभांडी करतात, उद्या स्वतःच्या घरात गेल्या तर ती दहा बाय दहा कोण घेणार? घेईल कुणीतरी, पण घासाघीस करून. आधी पत्रा गळतो म्हणेल, मग डिपॉझिट कमी करा म्हणेल. एकाला कमी केलं की उरलेले तिघं दारात उभे!

म्हणून हरकत घ्याच. फक्त आमच्या गल्लीतल्या काकांसारखं करू नका. घरकुलांमुळं भाडी पडतील, हा त्यांचा पहिला मुद्दा. परिसर सुधारून भाडी वाढतील आणि बिचारे भाडेकरू मरतील, हा दुसरा. साहेबांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला म्हणे.

भाड्याचा आकडा तर अर्जात अजिबात घालू नका. तुमचा करार तोंडी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य.

घरातलं शिकलेलं पोरगं डायमंड आणि मॅक्वेड या अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतला अभ्यास काढेल. करसवलतीवर बांधलेल्या स्वस्त घरांमुळं गरीब वस्त्यांत आसपासच्या घरांच्या किमती 6.5 टक्क्यांनी वाढल्या, सधन भागात 2.5 टक्क्यांनी उतरल्या. तुम्ही 2.5 तेवढं पाठ करा. गरीब वस्ती म्हटल्यावर मागच्या पत्र्यांकडं बघू नका.

पर्यायी जागाही सुचवा, म्हणजे विरोधाला विरोध दिसत नाही. नदीकडची सुचवा. तिथं 2019 च्या पुराचा डाग भिंतींवर छातीएवढा असेना; जागा स्वस्त पडते. पुन्हा पाणी चढलं की मंडळी बोचकी घेऊन तुमच्याच दारात येतील, तेव्हा पाचशे वाढवून सांगता येतात.

आणि हो, अर्जाची झेरॉक्स आणायला मावशींना पाठवू नका. त्यांना वाचता येतं.