ओटीडीआर अंतर सांगतो, जागा नाही

एका लेखात वाचलं की आता नेटवर्क स्वतःच बिघाड शोधेल, माणूस लागणार नाही. परभणी-जिंतूर पट्ट्यात २८ वर्षं तुटलेली फायबर केबल शोधून जोडायचं काम केलं, म्हणून लिहितो. अहो, बिघाड आधीही यंत्रच शोधायचं. ओटीडीआर हे ते यंत्र; तो फायबरमध्ये प्रकाश सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून तुटल्याचं अंतर सांगतो. पण ते अंतर केबलचं, रस्त्याचं नाही. चेंबरमध्ये, म्हणजे केबलच्या वाटेवरच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, जादा केबलची वेटोळी सोडलेली असतात, आणि ती कुणी कुठं सोडली ते नकाशात कधीच नसतं. एकदा ११.४ किलोमीटर दाखवलं. दोन तास ज्वारीच्या धसकटात हुडकत फिरलो. शेवटी एका गड्यानं सांगितलं, "साहेब, काल जेसीबी त्या वढ्याच्या अंगाला चालू होता की." तुटलेली केबल तिथंच सापडली. मग ताडपत्रीखाली निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असा फायबरचा एकेक धागा जोडत रात्रीचे दोन वाजले.

मी त्या गड्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, तसं सगळं इंटरनेटच विश्वासावर उभं आहे. १९८९ चा बीजीपी, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत, मुळात शेजारचं नेटवर्क सांगेल ते खरं धरते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करायला देशापुरता टाकलेला मार्ग बाहेर फुटला आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास अडकलं. आता आरपीकेआय या डिजिटल दाखल्यांच्या व्यवस्थेमुळे मार्ग कुणाच्या हक्काचा ते तपासता येतं. पण तपासायचं की नाही, हे अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर!

त्या गड्याचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'जेसीबीवाला वढा' या नावानं.