माझा चाकू मी का देत नाही

माझ्याकडे दोन घडीचे चाकू आहेत. एक व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, लाल मुठीचा, ९१ मिलिमीटर लांबीचा. दुसरा लाकडी मुठीचा, ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा, ८ क्रमांकाचा. ट्रेकला यांपैकी एक खिशात असतोच, आणि हे सोबतच्यांना एकदा कळले की दर अर्ध्या तासाने 'जरा चाकू दे रे' सुरू होते. गेली काही वर्षे मी तो देत नाही; काय कापायचे ते इकडे आणा, मी कापून देतो, असे सांगतो. यावरून मला कंजूष ठरवले गेले आहे, म्हणून हा खुलासा.

वस्तूचा मोह आहे, ते नाकारत नाही. पण खरी अडचण अशी की मागणाऱ्याचा हात घरच्या सुरीला सरावलेला असतो. सुरीचे पाते मुठीत पक्के बसवलेले असते. माझ्या लाल चाकूचे पाते मात्र केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते, त्यामुळे कापण्याऐवजी टोक खुपसून जोर लावला तर ते मिटून थेट बोटांवर येऊ शकते. ओपिनेलला १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी कडे असते, ते फिरवले की पाते अडकून बसते. पण ते फिरवायचे असते हे उसना घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि विचारण्याइतका धीरही नसतो.

राजमाचीच्या मुक्कामात एकाने कंडेन्स्ड मिल्कचा डबा लाल चाकूच्या पात्याने फोडला, त्याच चाकूत डबा उघडायचे हत्यार मिटलेले असताना. पात्याचे टोक तीनएक मिलिमीटर तुटले, आणि वर 'कापतो की अजून' असा दिलासा मिळाला. ओपिनेलचे पाते कार्बन पोलादाचे. कोणीतरी कैरी कापून तो तसाच ओला मिटून दिला. घरी येऊन उघडला, तर पाते काळेनिळे आणि मुठीच्या खाचेत गंज. कैरीबद्दल तक्रार नाही. रुमालाचे एक टोक फिरवले असते तर भागले असते.

माझी आजी सुरी कधी हातात देत नसे, जमिनीवर ठेवी आणि मग उचलायला सांगे. हातात दिल्यास भांडण होते म्हणे. भांडण परत घेताना होते, हे मला ट्रेकमुळे समजले.

एकदाच नियम मोडला. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, एका आजोबांनी कारवीची काठी तासायला चाकू मागितला आणि माझ्या तोंडून नाही निघेना. त्यांनी अंगठा पात्यावर आडवा फिरवला, 'धार मेलीय याची' म्हणाले, दारातल्या दगडावर पाणी शिंपडून पाच मिनिटे पाते घासत बसले आणि मगच काठीला हात घातला. काम झाल्यावर पाते धोतराला पुसले, चाकू मिटला आणि माझा पुढे आलेला हात टाळून ओट्यावर ठेवला.