आधी व्हॅक्यूमचा पाइप पाहा
फोर बाय फोर (चारही चाकांले ताकद) लागत नसलं की थेट ट्रान्सफर केसची, म्हंजे ताकद पुढच्या चाकांकडं वळवणाऱ्या पेटीची, मोटर बदला म्हणून तुमच्या लेखात सांगितलं, थांबा ना भाऊ जरा. माह्या पिकअपचं मागच्या पावसाळ्यात असंच झालं, आर्वीकडच्या काळ्या मातीत, तुरीच्या वावरात गाडी फसली, फोर बाय फोर लावायचं ‘फोर एच’ बटण दाबलं तं डॅशवरचा लाइट नुसता लुकलुक करे आन् पुढची चाकं ढिम्म. मिस्त्री म्हणे मोटर गेली, १८ हजार. मी पोराले गाडीत बसवून लांबूनच वाकून पाह्यलं तं पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (त्या पेटीतून पुढं ताकद नेणारा दांडा) फिरून राह्यला होता, म्हंजे ट्रान्सफर केस बरोबर, घोळ पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये, म्हंजे चाकांच्या आसात. माह्या गाडीत अल्टरनेटरवरच्या (बॅटरी चार्ज करते त्या) पंपाचं व्हॅक्यूम, म्हंजे हवेची ओढ, बारीक रबरी पाइपातून जाऊन अ‍ॅक्सल जोडते, इंजिन चालू ठेवून पाइपाच्या तोंडाले बोट लावलं, ओढच नाही! बॅटरीमागं उंदरानं कुरतडला होता, दाताचे निशाण सुद्धा. वीतभर पाइप ४० रुपयांत आला. काही गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल जोडालेही इलेक्ट्रिक मोटर असते, तिथं आधी फ्यूज आन् सॉकेट पाहा, चिखलपाण्यानं हिरवे पडतात. आन् टेस्ट कोरड्या डांबरी रोडवर नका करू, वळताना गाडी आखडते, वावरातच करा.