मोरीची बेंबी

काका, नमस्कार.

‘मोरीची पिल्लं घेऊ नका’ या माझ्या लेखाखाली (मोरी म्हणजे बाजारात येणारा छोटा शार्क) तुम्ही लिहिलंय: "बेळगावात बसून दर्याच्या गप्पा कशाला मारता? बाजारात येते ती मोरी पिल्लू नसते, तिची वाढच तेवढी. मालवण माझं आजोळ, बाळंतिणीलासुद्धा आम्ही मोरी देतो. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असतेच की, दर्या परत भरतो." चार दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, यातलं निम्मं बरोबर आहे.

बेळगावचं आधी संपवतो. म्हादई नदी आपल्याच खानापूर तालुक्यात उगवते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. एवढी सोयरीक मला पुरते. शिवाय आंबोलीनं नाहीतर चोर्ल्यानं बर्फाची खोकी घाट चढून येतात, ती आपण खातो म्हणूनच की.

आता पिल्लाचं. रविवारी मुद्दाम बाजारात गेलो. नेहमीच्या मावशीकडं टोपलीत सात-आठ मोऱ्या होत्या, सगळ्या साधारण दीड फुटाच्या. तिला विचारून एकेक उचलून बघितली. बहुतेकींचं नाकाड लांब, चपटं, गवंड्याच्या थापीसारखं. ही तुमची मोरी. एक नर उलटा केला, तर पोटाखालच्या परांना जोडून असलेले दोन दांडे लांब आणि चांगले कडक लागले, म्हणजे गडी पुरता वयात आलेला. या जातीची मादी जेमतेम सव्वा फुटाची झाली की विणीला येते, पाच-सहा महिने पिल्लं पोटात वाढवते आणि एका खेपेला सहापासून अठरापर्यंत देते. हिला मी पिल्लू म्हटलं ती माझी चूक. तुम्ही जिंकलात.

खरं, त्याच टोपलीच्या तळाशी दोन वेगळ्या निघाल्या. माप तेच, पण डोकं दोन्ही बाजूंना फाकलेलं आणि डोळे पार टोकांना. कानमुशी, म्हणजे हॅमरहेड शार्क. एक उलटी केली. छातीच्या दोन परांच्या मधोमध नखाएवढी चीर, कडा अजून लालसर. बेंबी! कानमुशी आपली पिल्लं पोटात नाळेवर वाढवते (तुमची मोरीसुद्धा), आणि जन्मल्यावर काही दिवस ही खूण उघडी राहते, मग बुजते. पुरती वाढलेली कानमुशी दहा फुटांच्या घरात जाते. म्हणजे टोपलीत एकाच मापाच्या दोघी शेजारी पडल्या होत्या, एक लेकुरवाळी आणि एक नुकती जन्मलेली. मी वाकून ती चीर बोटानं चाचपत होतो, तर मावशी म्हणते, "माशाची पत्रिका काढायलास काय रे?"

बंदीचं म्हणाल, तर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस बांगड्याला, तारलीला उपयोगी पडतात. त्यांची एकेक मादी हजारोंनी अंडी सोडते आणि पोरं भराभर वाढतात. कानमुशीची मादी नऊ महिने, कधी वर्षभर गाभण असते, आणि तिच्या पिल्लाला वयात यायला कित्येक वर्षं जातात. त्यात ती विते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, नेमकी जिथं जाळी पडतात तिथं. कानमुशीतल्या काही जाती तर आज जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

बाळंतिणीच्या मोरीवरून तुमच्या आजीशी मी भांडणार नाही. एवढंच, की दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मोठ्या शार्कच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना डॉक्टर शार्क टाळायला सांगतात. (मोरीच्या उग्र वासाशी पाऱ्याचा संबंध नाही. खाऱ्या पाण्यात तग धरायला हे मासे अंगात युरिया बाळगतात, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. मासा शिळा झाला की तो नाकात जातो.)

लेखातलं ते वाक्य आज सकाळी बदललं. ‘मोरीची पिल्लं’च्या जागी ‘कानमुशीची पिल्लं’ केलंय. रविवारी मी बांगडे घेऊन आलो. त्या दोन कानमुश्या मात्र माझ्यासमोरच कुणीतरी घेतल्या, मावशीनं कोयत्यानं डोकी उडवून दिली. डोकं गेल्यावर त्या कोणत्या जातीच्या हे पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाला कळायचा प्रश्नच नव्हता. तुमच्या आजोळी कानमुशीला काय म्हणतात? मावशी तिला नुसती ‘टोपीवाली’ म्हणते.