पहाटेच्या हवेत विष नाही: सायकलविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेले तीन रविवार माझी मावशी आमच्याबरोबर सायकल चालवायला आलेली नाही. एकसष्ट वर्षांची ही बाई मागचे दोन हिवाळे जुन्या गोव्याच्या धक्क्यावर आम्हा सर्वांच्या आधी हजर असे. फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचे, खाजन शेतीमधल्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांमधल्या, सपाट रस्त्याने गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने नार्वेच्या फेरीपर्यंत जायचे आणि परतताना पातळ भाजी-पाव खायचा, एवढाच आमचा कार्यक्रम. आता तिने ‘हिवाळ्यात पहाटे सायकल म्हणजे मृत्यूला आमंत्रण’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश मला पाठवला असून खाली लिहिले आहे, ‘बाळा, तूही जाऊ नकोस.’

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: रात्रभर झाडे कार्बन डायऑक्साइड सोडत असल्यामुळे सूर्योदयापूर्वीच्या हवेत प्राणवायू उरत नाही, थंडीने रक्त घट्ट होऊन हृदय बंद पडते, सायकलने गुडघ्यांतील वंगण संपते, आणि मधुमेही माणसाने उपाशीपोटी सायकल चालवली तर तो बेशुद्ध पडतो.

यांतला पहिला दावा सर्वांत निराधार आहे आणि नुकसानही त्यानेच सर्वाधिक केले आहे, कारण तो वाचल्यापासून मावशी सकाळी नऊपर्यंत घराच्या खिडक्या उघडत नाही. प्रकाश नसताना प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालूच राहते, त्यामुळे रात्री झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात, इतके खरे आहे. परंतु हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के, दाट झाडीखाली पहाटे हे दुसरे प्रमाण किंचित वाढले, तरी प्राणवायूत पडणारा फरक शरीराला जाणवण्याच्या कितीतरी खाली राहतो. याउलट माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, म्हणून दारे-खिडक्या लावून दोघेजण रात्रभर झोपलेल्या खोलीत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर सहज जाते. ज्या हवेला मावशी घाबरते ती बाहेरची हवा स्वच्छ आहे, आणि जी ती कोंडून ठेवते तीच अधिक खराब आहे. गोव्यातल्या माणसाला हे पटवायला खरे तर आकड्यांचीही गरज पडू नये. सायकलला पावाची टोपली बांधून, भोंगा वाजवत, माडांच्या आणि फणसांच्या खालून पहाटेच फिरणारा पोदेर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची थंड हवा वर जात नाही आणि कोणी पालापाचोळा किंवा कचरा जाळला असेल तर त्याचा धूर सकाळपर्यंत खालीच साचून राहतो. दम्याच्या रुग्णाने अशा दिवशी थांबावे हे योग्यच, पण तो दोष आग लावणाऱ्याचा आहे, झाडांचा नव्हे.

हृदयाविषयीच्या दाव्यातही सत्याचा अंश आहे. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी तुलनेने अधिक येतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ज्यांना छातीत दुखते किंवा चढावर धाप लागते त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. परंतु पणजीत जानेवारीतले किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते, आणि त्याला कडाका म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. खऱ्या थंडीच्या देशातला पुरावाही उपलब्ध आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांचा सुमारे पाच वर्षे मागोवा घेतला आणि २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले: सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ४१ टक्के कमी आढळला, आणि हृदयविकाराचे प्रमाणही कमी होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि रविवारपुरती सायकल चालवणाऱ्यांना तो आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही थंडीत सायकल चालवणारे मरतात, या दाव्याला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही.

गुडघ्यांतील वंगण हे डब्यातल्या तेलासारखे संपत नसते. ते शरीर सतत तयार करते, आणि हालचालीमुळेच ते कूर्चेपर्यंत पोहोचते. सायकलची बैठक फार खाली ठेवली तर गुडघे दुखतात. ती योग्य उंचीवर आणणे हा त्यावरचा उपाय आहे.

मधुमेहाचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी व्यायाम केल्यास खरोखर खाली जाऊ शकते. मावशी केवळ मेटफॉर्मिन घेते, ज्याने एकट्याने असे क्वचितच घडते, आणि तरीही निघण्यापूर्वी ती केळे खाते व खिशात ग्लुकोज ठेवते. तिने नेमके करायचे ते केले होते, आणि संदेशाने तिला तेही पुरेसे नसल्याचे सांगितले, याचा मला राग आहे.

ज्या धोक्याविषयी बोलायला हवे, त्याचा या संदेशात उल्लेखच नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी मांडवीवर धुके असते आणि मोकळ्या रस्त्यावर गाड्या वेगाने येतात. म्हणूनच पुढे पांढरा व मागे लाल दिवा असल्याशिवाय आम्ही कोणालाही निघू देत नाही, आणि धक्क्यापर्यंतच्या रस्त्यावर एकामागोमाग एक चालतो.

मावशीच्या सायकलच्या मागच्या दिव्यात मी काल नवे सेल घातले आहेत. येत्या रविवारी पावणेसातला आम्ही धक्क्यावर असू, आणि ती आल्याशिवाय फेरीत चढणार नाही.