ओ काका, पिक्चर बघू द्या

काल भरल्या थिएटरात माझ्या तोंडावर टॉर्च मारण्यात आला. मारणारा डोअरकीपर जेमतेम विशीतला. त्याला हात करून बोलावणारा माझ्या शेजारच्या सीटवरचा गृहस्थ. माझा गुन्हा एवढाच, की पडद्यावर मॉनिटरवरची रेघ सरळ झाली, डॉक्टरांनी नायकाच्या छातीला शॉक दिला, आणि मी हळू आवाजात म्हणालो, "सरळ रेषेला शॉक देत नाहीत हो."

त्याआधी पिस्तुलाच्या सायलेन्सरबद्दल एक वाक्य बोललो असेन आणि विजांबद्दल एक. पण ती छोटी वाक्यं होती.

आणि मी बोललो ते खोटं होतं का? हृदय बंद पडलं म्हणून ते चालू करायला शॉक देतात, ही समजूत पडद्यानेच पसरवलेली आहे. शॉक द्यायचा तो हृदयाची वेडीवाकडी थरथर चालू असताना. ती एका झटक्यात थांबवायची, म्हणजे हृदयाला आपली लय पुन्हा पकडता येते. रेघच सरळ झाली तर थांबवायला काही उरलेलंच नसतं. तेव्हा छाती दाबत राहायचं आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायचं. पण छाती दाबणं दिसायला कंटाळवाणं, आणि शॉक दिला की नट पलंगावरून वीतभर उडतो. म्हणून जगभरचे पडद्यावरचे डॉक्टर गेली कित्येक वर्षं चुकीच्या रेघेला शॉक देताहेत आणि पेशंट बिचारे उठून बसताहेत.

हे सगळं मी त्याला सांगणार होतो. पण तो म्हणाला, "ओ काका, पिक्चर बघू द्या."

काका! त्याच्या कानांवरचे केस माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा पांढरे होते. दोन्ही बाजूंच्या हातांवर कोपरं ठेवून तो असा बसला होता, की माझ्या वाट्याला सीटचा फक्त मधला भाग आला होता. त्याबद्दल मी टॉर्चवाल्याला बोलावलं नव्हतं.

"पण असं होत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. ऑडिटर."

"मग हिशेब बघा ना. पिक्चर कशाला बघता?"

यावर मला चांगलं उत्तर सुचलं, पण तोवर टॉर्च आला होता. "सर, प्लीज," असं तो पोरगा म्हणाला. 'सर' आणि 'प्लीज' हे दोन शब्द इतके अपमानकारक करून म्हणता येतात हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर नायिका नायकाच्या छातीवर डोकं टेकून रडत होती आणि आमची अख्खी रांग माझ्याकडे बघत होती.

मध्यंतरात स्वच्छतागृहाच्या रांगेत नेमका तोच माझ्यापुढे. वळून, समजूत घातल्याच्या सुरात म्हणाला, "राग मानू नका. पिक्चर म्हणजे पिक्चर. डोकं बाहेर ठेवून यायचं."

मी म्हटलं, ठीक आहे. मग मला एवढंच सांगा, पाचव्या मजल्यावरून गाडीच्या टपावर पडलेला माणूस लगेच पळतो कसा?

"हिरो आहे."

"आणि त्याच्या पिस्तुलातल्या गोळ्या? कधी संपतच नाहीत."

"भरल्या असतील त्याने."

"कधी?"

"आपण दुसरीकडे बघत होतो तेव्हा."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मी क्षणभर खरंच आठवून बघितलं, आपण दुसरीकडे कधी बघत होतो. वीज चमकली त्याच क्षणी गडगडाट कसा? प्रकाश आधी पोचतो, आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. "घराशेजारीच पडली असेल." दर वेळी? "तसला एरिया असेल." भाऊ कोमातून उठला तेव्हा दाढी गुळगुळीत कशी? "नर्स करत असतील." आणि तो मेला होता ना मुळात? इथे त्याने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "बॉडी दाखवली होती का? बॉडी दाखवत नाहीत तोवर माणूस मेला म्हणायचं नाही, काका."

असा माणूस मला ऑडिटला भेटला असता तर मी राजीनामा दिला असता. प्रत्येक न जुळणाऱ्या आकड्याला त्याच्याकडे व्हाउचर तयार.

मध्यंतरानंतर नायकाला खलनायकाच्या इमारतीत शिरायचं होतं. तो कसा शिरणार हे तुम्हाला माहीत आहे. भिंतीतली जाळी काढून तो एसीच्या डक्टमध्ये घुसला आणि कोपरांवर सरपटायला लागला. मी गप्प होतो. टॉर्चचा उजेड अजून डोळ्यांपुढून गेला नव्हता.

शेजारून आवाज आला, "अरे!"

मग, "छ्या!"

मग माझं मनगट पकडलं गेलं. "काका, हे काय चाललंय? उभा जन्म डक्टिंगची कामं केलीत मी. हा पत्रा केवढा असतो माहितीये? मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो. त्यात हवा जायची असते, हवा! हा ऐंशी किलोचा माणूस आत घातला तर सपोर्टसकट खाली येईल सगळं. आणि गुपचूप चाललाय म्हणे! आत माणूस हलला की ढोल वाजतो, ढोल! खालच्या लोकांना ऐकू नाही येणार?"

"हिरो आहे," मी म्हणालो.

त्याने ते ऐकलंच नाही. "जॉइंटला स्क्रू मारलेले असतात, त्यांची टोकं आतल्या बाजूला येतात. गुडघे फाटतील ह्याचे. आणि फायर डॅम्पर कुठाय? मध्ये झडप असते ना, आग लागली की बंद होणारी! ती काय पिक्चर आहे म्हणून काढून ठेवली? आणि आत लाइट कुठून आला? डक्टमध्ये बल्ब लावतं का कुणी? आणि शर्ट! शर्ट बघा, पांढराच्या पांढरा! ह्या लोकांनी आयुष्यात कधी एक डक्ट आतून बघितला नाही!"

त्याचा आवाज आता संवादांच्या वर गेला होता. मी मनातल्या मनात डोअरकीपरची वाट बघत होतो. आलाच तो. पण टॉर्च बंद. वाकून म्हणाला, "काय झालं साहेब?" साहेब! याने त्याला जाळीचे स्क्रू बाहेरून असतात, त्यामुळे ती आतून उघडता येत नाही, हे समजावून सांगितलं. पोरगा मान डोलावत ऐकत राहिला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पुढे वाकून विचारलं, आमच्या बेडरूमच्या एसीतून पाणी गळतं, तर त्याला काय करायचं? त्यांना ड्रेन पाइप साफ करायला सांगण्यात आलं. तेवढ्यात खलनायक मेला. कसा ते आमच्या भागातल्या कुणालाच दिसलं नाही.

हृदयाबद्दल बोललं की टॉर्च, पत्र्याबद्दल बोललं की श्रोते. हा न्याय मला अजून पचलेला नाही.

पण तेव्हापासून एक बघतोय. दुसऱ्याच्या धंद्यातली वाटेल ती थाप माणूस गिळतो, आपल्या धंद्यातली सुईएवढी थाप त्याच्या घशात अडकते. माझा एक मित्र बुद्धिबळ खेळतो. परग्रहावरचे लोक अस्खलित मराठी बोलले तरी तो हू की चू करत नाही. पण दोन शत्रू पटावर बसले आणि उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर काळं दिसलं, की उठून चकरा मारायला लागतो. ते पांढरंच हवं, आणि पट उलटा मांडलेला तर इतक्या वेळा दिसतो की ही माणसं तो भिरकावूनच मांडतात की काय, असं वाटावं. कॉम्प्युटरवाल्यांचं दुःख वेगळं. पडद्यावरचा हॅकर माउसला हात लावत नाही, स्पेसबारही दाबत नाही, नुसता बडवत सुटतो, आणि स्क्रीनवर मोठ्या हिरव्या अक्षरांत प्रवेश मिळाल्याची पाटी झळकते.

आमच्या धंद्याचं तर विचारूच नका. पडद्यावरचा ऑडिटर रात्री एकटाच बसून एक फाइल उघडतो, एका पानावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "सापडलं." एका पानावर! खऱ्या घोटाळ्याचं ते पान मागितलं की ते आधी दुसऱ्या शाखेत असतं, मग रजेवर गेलेल्या माणसाच्या कपाटात असतं, मग कपाटाची किल्ली हरवलेली असते. शेवटी झेरॉक्स मिळते, त्यात नेमका आकडा पुसट.

मला अद्भुत गोष्टींचं वावडं आहे असं कुणी समजू नये. भुतं चालतात, उडणारी माणसं चालतात. अ‍ॅरिस्टॉटल सांगून गेलाय की शक्य असून न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असून पटणारी गोष्ट घ्यावी. माझं भांडण किरकोळ गोष्टींशी आहे. रिकामा कप. पडद्यावर कुणाच्याही हातातल्या कपात काही नसतं, हे कप ज्या बेफिकिरीने हलवला जातो त्यावरूनच कळतं. माणूस हवा पितो, समाधानाने 'आह' म्हणतो आणि कप बाजूला ठेवतो. कोट्यवधींचं बजेट आणि कपात गरम पाणी ओतायला कुणाला वेळ नाही? फोनवर "आठला भेट" एवढंच बोलून माणूस फोन ठेवतो. कुठे भेटायचं ते नाही, "ठेवतो" नाही, "बरं" नाही. टीव्ही लावला की त्या सेकंदाला आपल्याच माणसाची बातमी सुरू होते, आणि ती संपली की लगेच बंद. पोलीस स्टेशनसमोर, कोर्टासमोर, हॉस्पिटलसमोर नायकाची गाडी लावायला जागा मोकळी. आणि सकाळी डोळे उघडणाऱ्या बाईची लिपस्टिक रात्रीच्या जागेवर. मालिकांमध्ये तर काळच वेगळा. "हे मूल तुझं नाही" एवढं एक वाक्य उच्चारलं की खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा फिरून येतो. घरात माणसं किती आहेत यावर तो सोमवार कधी संपणार ते ठरतं.

इथवर हसून घ्यायला हरकत नाही. पण हॉस्पिटलच्या बाबतीत मला हसू येत नाही. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पाहणी आली होती. अमेरिकेतल्या तीन टीव्ही कार्यक्रमांत हृदय बंद पडलेल्या माणसांचं काय होतं, ते मोजलं होतं. छाती दाबल्यावर 75 टक्के लोक तिथल्या तिथे वाचत होते, आणि 67 टक्के बरे होऊन घरी जाताना दिसत होते. प्रत्यक्षात एवढे वाचत नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत. 2006 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात कोमाची पाहणी आली. 1970 ते 2004 मधले 30 चित्रपट तपासले, त्यांत कोमा बऱ्यापैकी खरा दाखवणारे दोन. बाकीच्यांत पेशंट डोळे मिटून देखणा पडलेला आणि एका सकाळी ताजातवाना उठणारा. आता हेच बघत मोठे झालेले आपण एखाद्या रात्री आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेले असतो. डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात काहीतरी विचारतात, आणि आपल्याला वाटत असतं की अजून एक शॉक दिला नाही म्हणून हा माणूस असं बोलतोय. त्या डॉक्टरने काय करायचं? पिक्चर म्हणजे पिक्चर हे तिथे कुणी कुणाला सांगायचं?

यावर शहाणी मंडळी म्हणतात, मग वास्तववादी सिनेमे बघ. बघतो ना. 'बायसिकल थीव्ह्ज' हा 1948 चा इटालियन सिनेमा, सगळ्या वास्तववाद्यांचं दैवत. व्हित्तोरिओ दे सिका यांनी बेकार माणसाच्या भूमिकेसाठी नट न घेता लाम्बेर्तो माज्योरानी नावाचा कारखान्यातला खरा कामगार घेतला. सिनेमा जगभर गाजला, माज्योरानी कामावर परतला आणि कारखान्याने त्याला कामावरून कमी केलं. हा आता सिनेमात गेलाय, ह्याला पैशाची काय कमी, असा तिथला हिशेब. बेकारावरच्या सिनेमाने आपला बेकार खरोखरीचा बेकार करून सोडला. याच्यापुढे वास्तववाद नेणार कुठे?

हल्लीच्या वास्तववादाची मात्र मला एवढी खात्री नाही. हल्ली वास्तव म्हणजे काळोख. दिवा लावला की ते व्यावसायिक होतं. खऱ्या घरात संध्याकाळ झाली की माणूस पहिल्यांदा बटण दाबतो, पण पुरस्कारप्राप्त घरात तो अंधारात बसून भिंतीकडे बघतो. नळ गळत असतो. तो कुणी दुरुस्त करत नाही, कारण तो आवाज खरा असतो.

आणि तो तरी खरा असतो का? पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कुरकुर हे सगळं मागाहून एका खोलीत बसून केलेलं असतं. जॅक फोले नावाच्या माणसाने बोलपटांच्या सुरुवातीला ही कला रूढ केली, आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. बर्फातली पावलं म्हणजे कॉर्नस्टार्चच्या पिशव्या दाबणं, हाड मोडणं म्हणजे सेलरी नावाच्या भाजीच्या काड्या मोडणं. 1951 च्या 'डिस्टंट ड्रम्स'साठी एका माणसाला मगर धरते म्हणून एक किंकाळी रेकॉर्ड केली होती. तीच पुढे 'स्टार वॉर्स'मध्ये आणि आणखी कितीतरी सिनेमांत वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून निघाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय गरुडाचा खरा आवाज किरटा, म्हणून पडद्यावर त्याच्या तोंडी लाल शेपटीच्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची किंचाळी घालतात. एवढी उस्तवार पक्ष्याच्या आवाजाची. माणसांच्या आवाजाची मात्र कुणालाच फिकीर नाही.

कारण खरी माणसं पुटपुटतात असं कुणीतरी ठरवलंय. मग घरी सिनेमा बघताना मी हातात रिमोट धरून बसतो. नायिका ओठ हलवते, मी आवाज वाढवतो, पुढच्याच क्षणी गाडी फुटते आणि आतल्या खोलीतून ओरडा येतो. कमी करतो, तर नेमका तेव्हा कुणीतरी कुणाला तरी आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सांगत असतं. परवाच्या भागात नायकाने तिला विचारलं, लग्न करशील का? ती खिडकीकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. मागे जाऊन पुन्हा लावलं, पुन्हा तेच. होकार होता की नकार, यावर आमच्या घरात दोन तट पडले आहेत, आणि मालिकेचं पुढचं सगळं त्याच वाक्यावर उभं आहे.